दिसेनासे केलेले

आपल्या पोथ्या-कहाण्यांतले देव फार वेळ थांबत नाहीत. प्रसन्न झाले, 'तथास्तु' म्हणाले, की अंतर्धान पावले. लहानपणी श्रावणात कहाणी ऐकताना मला त्यातलं 'पावले' हे क्रियापद फार आवडे. नाहीसं होणं हीसुद्धा जणू एक मिळकत. देवाच्या मर्जीने, देवाच्या सोयीने झालेली.

'अंतर्धान' हा शब्द श्रीलंकेत भेटतो तेव्हा अंगावर येतो. सिंहलीत 'अंतर्धान' झिजत झिजत 'अतुरुदहन्' झालं आहे, आणि कोलंबोतल्या एका सरकारी कार्यालयाच्या नावात ते आज विराजमान आहे. हरवलेल्या माणसांचा शोध घेण्यासाठी २०१६च्या कायद्याने हे कार्यालय निर्माण झालं, २०१८मध्ये प्रत्यक्ष कामाला लागलं. १९८३पासून धुमसणारं यादवी युद्ध संपून तेव्हा नऊ वर्षं होत आली होती. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अंदाजाप्रमाणे १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्या देशात किमान साठ हजार, कदाचित एक लाख माणसं अशी नाहीशी झाली. यांतल्या एकालाही कुणी 'तथास्तु' म्हणालं नव्हतं.

नाहीशी झाली कशी, तर पुष्कळदा पांढऱ्या व्हॅनमधून. नंबरप्लेट नसलेली गाडी यायची, माणूस आत ओढला जायचा, दार बंद. सिंहलीत तिला 'सुदु वॅन' म्हणतात, आणि 'सुदु' म्हणजे पांढरा हा शब्द आला आहे आपल्या 'शुद्ध'पासून. श्रीलंकेतल्या इंग्रजीत तर 'व्हाइट व्हॅन'चं क्रियापदच होऊन बसलं: अमक्याला 'व्हाइट-व्हॅन' केलं. ज्या भाषेत एखाद्या गुन्ह्याचं क्रियापद होतं, तिथे तो गुन्हा किती अंगवळणी पडला असेल याची कल्पना करावी.

तमिळ बाजूला वेगळाच झगडा दिसतो, आणि तो शुद्ध व्याकरणाचा आहे. त्याच कार्यालयाच्या तमिळ नावात 'काणामल पोन' असे शब्द आहेत. 'काण' म्हणजे पाहणं, 'काणामल' म्हणजे न दिसता, 'पोन' म्हणजे गेलेले. दिसेनासे झालेले, एवढाच अर्थ. किलिनोच्ची आणि वावुनियाला फेब्रुवारी २०१७पासून रस्त्याच्या कडेला मंडप घालून, मुलांचे प्लॅस्टिकमध्ये मढवलेले फोटो मांडीवर घेऊन बसलेल्या आयांना हा 'पोन' मान्य नाही. त्यांचा शब्द आहे 'काणामल आक्कप्पट्टोर'. 'आक्कु' म्हणजे करणं, बनवणं. 'पडु' लागलं की कर्मणी. दिसेनासे केले गेलेले. मराठीत हा फरक एका अक्षरावर उभा आहे: दिसेनासा झाला, दिसेनासा केला. 'झाला' म्हटलं की प्रश्न माणसाला विचारायचा, कुठे गेलास बाबा? 'केला' म्हटलं की तो दुसऱ्या कुणाला तरी विचारावा लागतो.

करणारेही एकाच बाजूचे नव्हते. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिरणगम यांनी श्रीलंकेचं लष्कर, भारतीय शांतिसेना आणि 'एलटीटीई'चे तमिळ वाघ या तिघांच्याही अत्याचारांची नोंद ठेवली. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ठपका वाघांवर आला.

हे सगळं लिहून ठेवणाऱ्यांचं काय झालं, तिकडे वळण्याआधी थोडं आडवाटेला जातो. सिंहलीत बातम्यांना म्हणतात 'प्रवृत्ति'. आपल्या कानाला गंमत वाटते, कारण मराठीत प्रवृत्ती असते ती चोराची, आळशाची किंवा समाजाची. पण संस्कृतात प्रवृत्तीचा अर्थ बातमी, खुशाली असाही होता. मेघदूतातला यक्ष रामगिरीवरून, म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मते आपल्या रामटेकवरून, मेघाबरोबर पत्नीला आपल्या कुशलाची 'प्रवृत्ती'च धाडतो. मराठीने तो अर्थ टाकून दिला, पण धातू सोडला नाही. वृत्त, वृत्तान्त, वार्ता, वर्तमानपत्र ही सगळी त्याच 'वृत्'ची लेकरं. जे घडतं, वर्ततं, ते. तमिळची जातकुळी निराळी, तरी बातमीला तिथे 'सेय्ति' म्हणतात, आणि ते आलं 'सेय्' म्हणजे 'करणे' या धातूवरून. कृत्य असाही त्याचा अर्थ आहे. पंचवीसहून अधिक वर्षं एकमेकींशी भांडलेल्या या दोन भाषा बातमीच्या पोटात क्रिया असते एवढ्यापुरत्या एकमत आहेत. आणि क्रिया म्हटली की कर्ता आला.

अडचण तिथेच होते: कर्त्याचं नाव छापणारा धोक्यात येतो. जाफन्याचं तमिळ दैनिक 'उदयन'. नाव अर्थातच आपल्या उदयाचं. जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिनाचा युनेस्कोचा सोहळा २००६ साली कोलंबोत व्हायचा होता. आदल्या संध्याकाळी, २ मे रोजी, बंदूकधारी 'उदयन'च्या कचेरीत घुसले आणि दोन कर्मचाऱ्यांना ठार करून गेले. गोळ्यांनी भोकं पडलेल्या भिंती दैनिकाने तशाच ठेवल्या. युद्ध संपल्यावर, एप्रिल २०१३मध्ये, पुन्हा माणसं आली आणि त्यांनी छपाईयंत्र पेटवून दिलं.

सिंहली असण्यानेही कुणी वाचत नव्हतं. व्यंगचित्रकार आणि पत्रकार प्रगीत एकनलिगोडा २४ जानेवारी २०१० रोजी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी, कामावरून निघाले ते घरी पोचलेच नाहीत. आपण मराठीत लिहू, 'पत्रकार बेपत्ता'. या शब्दात 'बे' फारसी आणि पत्ता आपला. खरं तर त्यांचा पत्ता सर्वांना ठाऊक होता, म्हणून तर ते उचलणाऱ्यांना सापडले. पुढे २०११मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे सरकारच्या प्रतिनिधीने सांगून टाकलं की एकनलिगोडा परदेशात आश्रयाला आहेत. म्हणजे माणूस 'बेपत्ता'मधून उचलून 'परागंदा'मध्ये बसवला. परागंदा हाही फारसी शब्द, मूळ अर्थ विखुरलेला. आणि त्या काळात जीव वाचवायला देश सोडून विखुरलेले लंकेचे पत्रकार खरोखरच पुष्कळ होते, त्यामुळे थाप खपण्यासारखी होती. पुढच्या वर्षी त्या प्रतिनिधीला कोर्टात विचारलं, ही माहिती कुणी दिली? गृहस्थांना ते आठवेना. पत्नी संध्या एकनलिगोडा तारखेमागून तारखेला हजर राहत आल्या. जानेवारी २०२२मध्ये त्यांनी कोलंबोतल्या कालीच्या देवळात केस उतरवले.

अशा घरांसाठी सरकारने २०१६मध्ये आणखी एक कागद काढला. मृत्यूचा दाखला नको असेल तर 'गैरहजेरीचा दाखला' घ्या. शाळेच्या हजेरीपटातला शब्द. आपला 'गायब' अरबी आहे आणि त्याचाही अर्थ गैरहजर. अरबी वैयाकरण प्रथम पुरुषाला 'मुतकल्लिम' म्हणजे बोलणारा म्हणतात, आणि तृतीय पुरुषाला, आपल्या 'तो'ला, चक्क 'गायब'.

एकाने मात्र प्रथम पुरुष सोडला नाही. 'द संडे लीडर' या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक लसंत विक्रमतुंग यांच्यावर ८ जानेवारी २००९च्या सकाळी कचेरीत जाताना मोटारसायकलस्वारांनी हल्ला केला. त्याच दिवशी ते गेले. त्यांनी आधीच लिहून ठेवलेला अग्रलेख रविवारच्या अंकात आला. आपल्याला शेवटी मारलं जाईल तेव्हा ते सरकार मारेल, असं त्यात सरळ लिहिलं होतं. प्रथम पुरुष, भविष्यकाळ, आणि कर्ता जागच्या जागी. अंकावरची तारीख होती ११ जानेवारी.