चित्राला भाव आला, गाण्याचं काय?

कामोठ्यासारख्या नव्या शहरांत वारली चित्र भिंतींपासून कुर्त्यांपर्यंत सगळीकडे दिसतं. मुळात ते विकायची वस्तू नव्हतं. डहाणू-तलासरीकडे लग्नघराच्या गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं चौक लिहीत. चौकात पालघट देवी असे आणि धवलेरी बाई गाणी म्हणून लग्न लावी. चित्र आणि वारली बोलीतलं गाणं एकाच विधीचा भाग होतं.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी वारल्यांच्या हाती कागद दिला. बायकांची ही कला गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाठोपाठ खरेदीदार आले, पर्यटक आले, पाड्यांवर चार पैसे आले. पण पर्यटक कागद घेऊन परततो. गाणं तो ऐकतही नाही.

पर्यटनानं बोली टिकेल का, हे पर्यटक पैसे कशाचे मोजतो यावर ठरतं. चित्र शिकवणाऱ्याबरोबर चौकाचा अर्थ सांगणाऱ्या, गाणाऱ्या म्हातारीलाही मानधन मिळालं, तर तिची नात ती गाणी शिकायला बसेल. पाड्यावरच्या शाळेत त्या म्हातारीला बोलावायचा खर्चही याच पैशातून निघू शकतो.