चालकविरहित वाहने आणि राज्यसंस्थेची पूर्वतयारी : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

चालकाविना धावणारी मोटार आणि इतर वाहनांशी व रस्त्यावरील यंत्रणेशी संदेशांची देवाणघेवाण करणारी मोटार हे वाहतुकीच्या इतिहासातील नवे टप्पे होत. पहिलीस चालकविरहित, तर दुसरीस संपर्कयुक्त वाहन असे म्हणता येईल. या वाहनांसाठी शासनाने कोणती पूर्वतयारी करावी, याची चर्चा बहुधा तंत्रज्ञानाच्या व महानगरांच्या अंगाने केली जाते. परंतु नव्या वाहनाला सामोरे जाण्याची राज्यसंस्थेची ही पहिली वेळ नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या घाटांच्या पायथ्याशी वसलेले आहेत. त्यामुळे लमाणांच्या तांड्यांपासून आगगाडी व मोटारीपर्यंत या तयारीचे अनेक टप्पे तेथे पाहावयास मिळतात. मार्ग, महसूल आणि नोंदणी यांची व्यवस्था राज्यसंस्थेने नेहमी आधी केली, अपघातातील दायित्वाची व्यवस्था मात्र फार उशिरा केली, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

घाटवाट आणि लोहमार्ग

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. कल्याण-सोपारा बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख असून त्यात राणी नागनिकेच्या काळातील यज्ञ व दाने यांची माहिती मिळते. जवळच असलेला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. वाट, तिचे संरक्षण आणि तिच्यावरील उत्पन्न हे राज्यसंस्थेचे सर्वांत जुने वाहतूक-धोरण होय.

एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली. मुंबई-ठाणे मार्ग १८५३ मध्ये सुरू झाल्यावर लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्यास पोहोचला. थळघाट ओलांडून इगतपुरीपर्यंतचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. शहापूर तालुक्यातील वासिंद, आसनगाव व कसारा ही गावे स्थानकांमुळे पुढे आली. मुरबाड तालुका मात्र या मार्गाच्या बाहेर राहिला. अशा रीतीने शेजारच्या दोन तालुक्यांचे आर्थिक भवितव्य मार्गाच्या आखणीने वेगळे केले.

त्याच १८६५ साली इंग्लंडमध्ये रस्त्यावरील वाफेच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध कायदा झाला. गाडीपुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे, अशी त्यात अट होती. हा कायदा हास्यास्पद ठरवण्याची प्रथा आहे. तथापि नव्या यंत्राचा धोका कोणाला, हा प्रश्न त्याने गाडी रस्त्यावर येतानाच विचारला होता. १८९६ मध्ये हलक्या वाहनांपुरती ही अट रद्द झाली.

मोटार आणि दायित्वाचा प्रश्न

मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. मुंबई प्रांताने १९०४ मध्ये मोटार वाहनांसंबंधी कायदा केला आणि १९१४ मध्ये अखिल भारतीय कायदा अस्तित्वात आला. नोंदणी व चालकाचा परवाना या त्याच्या प्रमुख बाबी होत्या. तपशीलवार नियम करण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांकडे होते. १९३९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. त्यातील त्रयस्थ व्यक्तीसाठी सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. अपघात नुकसानभरपाईसाठी न्यायाधिकरणे स्थापण्याची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने झाली, तर चूक सिद्ध न करता काही भरपाई देण्याचे तत्त्व १९८२ मध्ये स्वीकारले गेले.

हा कालक्रम महत्त्वाचा आहे. मोटारीची नोंद १९१४ मध्येच देशभर बंधनकारक झाली. मोटारीखाली सापडलेल्या माणसाला विम्याचा आधार मिळण्यास त्यानंतर ३२ वर्षे, आणि चुकीच्या पुराव्यावाचून भरपाई मिळण्यास ६८ वर्षे लागली. मधल्या काळात हा भार पादचारी, गाडीवान आणि त्यांच्या कुटुंबांनी वाहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यसंस्थेने एक वेगळी तयारीही केली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे शहापूर व मुरबाड येथे आगारे झाली. ज्या गावांना लोहमार्ग लाभला नाही, त्यांना एस.टी.ने बाजार, शाळा व रुग्णालय यांच्याशी जोडले. नव्या वाहनाचा लाभ ज्याच्याकडे वाहन नाही त्याच्यापर्यंत पोहोचविणारी ही तयारी होती.

समृद्धी महामार्गाचा अनुभव

७०१ किलोमीटर लांबीच्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. नियंत्रित प्रवेश, आखलेल्या मार्गिका आणि पादचाऱ्यांचा अभाव यांमुळे स्वयंचलित वाहनास असाच रस्ता सर्वांत सोयीचा असतो. मात्र दुचाकी व तीनचाकी वाहनांना येथे प्रवेश नाही. ग्रामीण कुटुंबाचे वाहन बहुधा दुचाकीच असते. या महामार्गाच्या बांधकामात ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास तालुक्यातील सरळांबे येथे तुळई बसविण्याचे अवजड यंत्र कोसळून २० कामगार मृत्युमुखी पडले. मार्गाच्या तयारीची किंमत कोण देतो, याची ही दुःखद नोंद होय.

महामार्गाबाहेरील स्थिती वेगळी आहे. माळशेज घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात व दाट धुके असते. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातील रस्त्यांवर गुरे, भाताचे भारे वाहणारी माणसे आणि शाळकरी मुले एकत्र चालतात. संपर्कयुक्त वाहन अखंड संदेशवहनावर अवलंबून असते. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले; परंतु पुढील वर्षभरात तेथील बरेचसे व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. जाळे जोडल्याची घोषणा आणि जाळे टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

राज्य शासनाची आजची भूमिका

घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत, तर राष्ट्रीय महामार्ग वगळता रस्ते व वाहनांवरील कर हे विषय राज्यसूचीत येतात. म्हणजेच वाहनाचा कायदा मुख्यतः केंद्राचा असला, तरी रस्ता व त्यावरील अंमलबजावणी राज्याची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम २ ब समाविष्ट झाले. त्यानुसार संशोधनासाठी काही वाहनांना केंद्र सूट देऊ शकते. कलम १३६ अ नुसार रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याची जबाबदारी राज्यांवर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून अशी यंत्रणा कार्यान्वित झाली. नागपूर येथे २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पात शहर बसगाड्यांना टकरीची पूर्वसूचना देणारी उपकरणे बसविण्यात आली. दुसरीकडे, चालकांचा रोजगार जाईल या कारणास्तव चालकविरहित मोटारींना परवानगी देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ व २०२३ मध्ये स्पष्ट केले.

तथापि वाहने टप्प्याटप्प्याने स्वयंचलित होत आहेत आणि कायदा अद्याप मानवी चालकावर उभा आहे. २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार मृत्यूबाबत ५ लाख रुपये भरपाई चूक सिद्ध न करता मिळू शकते. त्याहून अधिक भरपाईसाठी सामान्यतः चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. चालकच नसेल, तर तो कोणाचा दाखवायचा? ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात या प्रश्नाचे उत्तर शोधले असून वाहन स्वतः चालत असताना त्याच्या वर्तनाची जबाबदारी मान्यताप्राप्त संस्थेवर टाकली आहे.

समारोप

नाणेघाटातील रांजणापासून फास्टॅगपर्यंत महसुलाची तयारी राज्यसंस्थेला नेहमीच साधली आहे. दायित्वाची तयारी मात्र मोटारीच्या मागून फार अंतराने आली. हा क्रम या वेळी उलटा करणे शक्य आहे, कारण वाहन अद्याप दाराशी आलेले नाही. भरपाईचे उत्तरदायित्व आधी निश्चित करणे, घाटरस्ते व गावरस्ते यांचा विचार चाचणीच्या निकषांत करणे आणि एस.टी.सारख्या सार्वजनिक सेवेस नव्या तंत्राचा पहिला लाभ देणे, या तीन बाबी राज्य शासनाच्या तयारीचा पाया ठरू शकतात. ही तयारी पुरेशी आहे की नाही, हे द्रुतगती मार्गावर नव्हे, तर टोकावड्याच्या रस्त्याने पायी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या सुरक्षिततेवरून ठरविणे उचित होईल.