पै, नाथ
(२५ सप्टेंबर १९२२–१८ जानेवारी १९७१). भारतीय संसदपटू, कायदेपंडित व समाजवादी नेते. जन्म वेंगुर्ले (सध्याचा सिंधुदुर्ग जिल्हा) येथे. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांनी बेळगाव भागात भाग घेतला व तुरुंगवास भोगला. पुढे लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. परदेशातील वास्तव्यात यूरोपीय समाजवाद्यांशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. वकिलीत मात्र ते रमले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली प्रजा समाजवादी पक्षातर्फे ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ व १९६७ मध्येही मतदारांनी त्यांनाच कौल दिला. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६० मधील संपाच्या नेत्यांत ते होते.

वक्तृत्वासाठी त्यांची ख्याती असली, तरी त्यांचे खरे स्मारक म्हणजे संमत न झालेले एक विधेयक होय. गोलकनाथ खटल्यात २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मताधिक्याने मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निर्णय दिला. यापूर्वी १९५१ व १९६४ मध्ये न्यायालयाने नेमके उलट मत दिले होते. नाथ पै यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये अनुच्छेद ३६८ च्या दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. संविधानाचा कोणताही भाग बदलण्याचा संसदेचा अधिकार निःसंदिग्ध करावा, हा त्याचा आशय. ते संयुक्त समितीकडे गेले. नागरी स्वातंत्र्याचा कट्टर पुरस्कर्ता हक्कांवर संसदेची सत्ता का मागतो, हा टीकाकारांचा प्रश्न रास्त होता. जमीनसुधारणेसारखे कायदे मालमत्तेच्या हक्कापुढे कायमचे अडून राहू नयेत आणि लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा शब्द अखेरचा असावा, ही त्यांची धारणा होती. बेबंद बहुमताचा धोका मात्र त्यांनी कमी लेखला, असे १९७५ नंतरच्या अनुभवावरून म्हणावे लागते.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने विधेयक संपुष्टात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच बेळगाव येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या विधेयकाचे सूत्र त्याच वर्षीच्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत उतरले. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली व गोलकनाथ निर्णय रद्द केला. परंतु संविधानाच्या मूलभूत चौकटीस संसदेला धक्का लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. त्यांच्या पश्चात राजापूरचे प्रतिनिधित्व मधू दंडवते यांच्याकडे आले.