एकाच नावाखाली झाकलेले आजार

मंडळी, आजचा विषय अवघड आहे. व्यासपीठावरून तो फारसा बोललाही जात नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे काही प्रकार दुर्मीळ, पण फार झपाट्याने पसरणारे असतात. ते वेगळे आहेत हे माणसाला कधी आणि कसं कळलं, त्याचा हा इतिहास. आम्ही वैद्यकातले नाही, आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण एखाद्या गोष्टीला वेगळं नाव कधी द्यायचं, हा प्रश्न आमच्याही शास्त्राचा आहे.

सुरुवात आपल्या घाटापासूनच करू. मावळात पडणारं पाणी लोणावळ्याच्या तलावांतून खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून वीज केली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ही योजना तडीस नेणाऱ्या दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी वाहिली. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करण्याची शिस्त आपल्याकडे ज्यांनी रुजवली, त्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं.

पण सूक्ष्मदर्शकालाही नेमका प्रश्न विचारावा लागतो. अस्तराचा कर्करोग म्हणजे ढोबळपणे एकच आजार, असं बराच काळ धरलं जाई. १९८२ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या तज्ज्ञांनी त्यातला ‘सीरस’ प्रकार वेगळा काढून दाखवला. याच्या पेशी अंडाशयाच्या कर्करोगासारख्या दिसतात आणि गर्भाशयातली गाठ लहान असतानाही रोग पोटात पसरलेला सापडू शकतो. १९८३ साली लेनिनग्राडच्या बोखमन यांनी दोन गट मांडले. पहिला लठ्ठपणा आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी जोडलेला, बहुधा संथ. दुसरा या कशाशी फारसा संबंध नसलेला आणि आक्रमक. सीरस, क्लिअर सेल हे या दुसऱ्या गटातले. अमेरिकेतल्या आकडेवारीत सीरसचे रुग्ण सुमारे १० टक्के, पण मृत्यूंमधला वाटा ४० टक्क्यांच्या जवळपास! २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून दोनाचे चार गट झाले.

इथे न्यायशास्त्र आठवतं. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण ती उलटवून ‘धूर नाही म्हणजे अग्नी नाही’ असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. लठ्ठपणा नाही, मधुमेह नाही, चार लेकरं झाली, आयुष्यभर भाताच्या खाचरात राबली, मग हिला कसला कॅन्सर? हे अनुमान त्याच चुकीचं आहे.

दुसरी अडचण आपल्या भाषेतली. ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ म्हणताना आपण गर्भाशयमुखाचा आणि अस्तराचा, दोन्ही एकात घालतो. उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जगभर गाजला. तो गर्भाशयमुखाचा होता, आणि वय ३० ते ५९. त्या कामासाठी तेच योग्य होतं. पण सीरस प्रकार बहुधा साठीच्या आसपास आणि पुढे दिसतो. ‘शिबिरात तपासलं, काही निघालं नाही’ या वाक्याने अस्तराबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तेव्हा या इतिहासातून मावळाने काय घ्यायचं? पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, मग तो एक डाग का असेना, तर डॉक्टरांना दाखवायचं. बहुतेकींच्या बाबतीत कारण साधंच निघतं. पण या दुसऱ्या गटात सोनोग्राफीवर अस्तर पातळ दिसूनही रोग असू शकतो. म्हणून रक्त जाणं थांबलं नाही किंवा परत सुरू झालं, तर अस्तराचा तुकडा तपासायचा का, हे आपणहून विचारायचं.

नाणे मावळातली किंवा पवन मावळातली म्हातारी हे सुनेला सांगत नाही, मुलाला तर नाहीच. ‘या वयात काय सांगायचं’ म्हणते. तळेगावला १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, परळला जायला रेल्वे आहे. घरातल्या कुणीतरी तिला विचारायला मात्र हवं. आज इथे बसलेल्यांनी घरी गेल्यावर एवढं विचारलं, तरी आम्ही बोललो त्याचं चीज झालं असं समजू.