बुजवलेली विहीर

परवा नातवाने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारले, "आजोबा, एमआयडीसी व्हायच्या आधी इथे काय होते?" "शेती होती," असे सांगून मी मोकळा झालो. पण ते उत्तर माझे मलाच पुरेना, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे गाव शिरोली पुलाची. नावातला पूल पंचगंगेवरचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून ही पंचगंगा. यांतल्या भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम काढले. १८९६-९७ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. १९२२ साली महाराज गेले, धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर.

धरणामुळे उन्हाळ्यातही नदीला पाणी राहू लागले. पण नदी खाली, रान वर. ते पाणी उचलायला मोट कशी पुरणार? कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले कारागीर ऑईल इंजिने बनवू लागले, ती शेतकऱ्यासाठीच. इंजिन म्हटले की बिडाचे ओतकाम आले, म्हणून फौंड्र्या वाढल्या. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला औद्योगिक वसाहती झाल्या. आज तिथे मोटारगाड्यांचे सुटे भाग ओतले जातात. पण या धंद्याचे मूळ शेताच्या बांधावर आहे, हे आम्ही विसरलो.

आमच्या माळावरच्या तुकड्यात वडिलांची विहीर होती. लहानपणी मी तिथे मोट पाहिली आहे. बैल धावेवरून उतरायचे, नाडा कुरकुरायचा आणि थारोळ्यात पाणी धबकन पडायचे. मग इंजिन आले, त्यानंतर विजेची मोटर. शेवटी नदीवरच्या उपसा योजनेचे पाणी आले, ऊस आला आणि विहिरीकडे कोणी बघेना.

१९९० च्या सुमारास मीच ती बुजवली. घरात लहान मुले, पडायची भीती, हे कारण मी सगळ्यांना सांगितले. खरे कारण जागेला आलेला भाव. एका फौंड्रीची जळालेली काळी वाळू फुकट मिळाली, ती ट्रॉल्या भरून आत ओतली. वर्गात पाणी आणि माती वाचवण्याचे धडे मी शिकवत होतो, त्याच वर्षांत. वडील तेव्हा हयात होते. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या बाजूला जायचे बंद झाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे! शेजारचा एकजण घागर घेऊन आला. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या माळावरच्या हिरीपतूर पूर न्हाई आला. तिथलं पाणी चालंल की!"

त्याला काय सांगणार? तो बाहेरगावाहून नंतर राहायला आलेला, त्याने विहिरीचे नाव फक्त ऐकले होते.

कारखान्यांना नावे ठेवणे सोपे आहे. नदी बिघडली त्यात त्यांचा वाटा आहे, शहराच्या सांडपाण्याचा आहे, आमच्या उसाच्या खतांचाही आहे. पण माझ्या विहिरीचा हिशोब दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

नातवाला मी काल परत हाक मारली आणि वहीत लिहायला लावले, "इथे विहीर होती. आजोबांनी बुजवली."

असो. आपल्यापैकी कोणाच्या रानात जुनी विहीर असेल, तर यंदा पावसाआधी तिचा गाळ तेवढा काढून घ्या.