मासुंद्याकाठचा धर्मग्राम

ठाण्याचे लोक डुकराचं मांस खारवण्यात मोठे वाकबगार आहेत, असं कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ साली आपल्या प्रवासवृत्तांतात लिहून ठेवलं आहे. गाव टापटिपीचं, भरभराटलेलं, वस्ती बहुतेक रोमन कॅथलिक ख्रिस्ती लोकांची, डुकरांची पैदास नामांकित आणि बेकनही. ठाणं म्हटलं की मामलेदारची मिसळ आठवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा चुकल्यासारखं होतं. पण दोनशे वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या माणसाला ठाणं आधी दिसलं ते ख्रिस्ती गाव म्हणून. मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीवर, संध्याकाळी फिरणाऱ्या किती जणांच्या ध्यानात हे येत असेल, देव जाणे.

हेबर जुलै १८२५ मध्ये ठाण्यात आले ते सेंट जेम्स चर्चच्या समर्पणविधीसाठी. हा माणूस मुळात गावातला पाद्री. इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या हॉडनेट या गावी १८०७ पासून १८२३ पर्यंत ते धर्मगुरू होते. गावची जमीनदारी त्यांच्याच घराण्याकडे आणि धर्मगुरूची जागाही घरातलीच, आपल्याकडच्या वतनासारखी. त्या काळच्या इंग्लिश खेड्यात चर्च म्हणजे रविवारची प्रार्थना एवढंच नव्हे. जन्म, लग्न, मृत्यू यांची दप्तरं तिथे, शेतमालाचा दशांश तिथे, गावातल्या गरिबाला महिन्याचे किती शिलिंग द्यायचे हा निवाडाही चर्चच्या बैठकीत. अशा सुस्थिर गावातून उठून हेबर कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थान, सिलोन, वर ऑस्ट्रेलियासुद्धा, एवढ्या मुलखाचे बिशप झाले.

ठाण्याचं सेंट जेम्स त्याच इंग्लिश खेड्याच्या साच्यातलं. साचा आला, खेडं मात्र आलं नाही. कलेक्टर, जज्ज, सर्जन, पलटणीतले काही अधिकारी आणि त्यांच्या मडमा, एवढीच काय ती मंडळी. यातला प्रत्येक जण बदलीवर आलेला. ना इथे शेत, ना सोयरीक. समर्पणविधीला नऊ महिने होतात तोवर हेबर स्वतःच त्रिचनापल्लीला स्नानाच्या हौदात बुडून वारले.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. याच हेबरसाहेबांनी आदल्या वर्षी, १८२४ मध्ये, चुनारच्या किल्ल्यात कैदेत असलेले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे पाहिले होते. त्रिंबकजी १८१६ साली निसटले ते ठाण्याच्या किल्ल्यातून. पहाऱ्यावर गोरे शिपाई, त्यांना मराठीचा गंध नाही. एका मराठा मोतद्दाराने घोडा खरारता खरारता गाण्यातून पळून जाण्याचा बेत आतल्या कैद्याला कळवला, ही कथा हेबर यांनी मोठ्या चवीने टिपली आहे. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाशी तिचा संबंध नाही, हे खरं. पण गावात राहायचं तर गावाची भाषा यावी लागते, आणि ती ज्यांना येत होती ते ख्रिस्ती लोक तलावाच्या दुसऱ्या अंगाला कैक पिढ्या नांदत होते.

त्यांची हकीकत फार मागे जाते. १३२१ च्या एप्रिलमध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात मारले गेले. त्यांचा साथीदार जॉर्डानस त्या वेळी बाहेर होता म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन आला आणि त्याने त्या अस्थी समुद्रमार्गे थेट चीनला नेल्या. ओडोरिकने एक साधी गोष्ट नोंदली आहे. ठाण्यात त्या वेळी नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, आणि मारले गेलेले पाहुणे त्यांच्यातच उतरले होते. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती घरं होती, चुली होत्या, परक्याला ओसरी देण्याची रीत होती. त्या पंधरा घरांचा धागा पुढे तुटतो. आजचा कोणीही ठाणेकर ख्रिस्ती त्यांच्यापर्यंत आपलं कूळ नेऊ शकत नाही.

आजची वस्ती पोर्तुगीज काळातली. १५३४ च्या तहाने वसई आणि ठाण्यासह साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. मागोमाग फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, विणकर असे इथलेच लोक ख्रिस्ती झाले. ठाण्याचं रेशीम तेव्हा दूरदेशी जायचं आणि ते विणणाऱ्यांत ख्रिस्ती विणकर होते. धर्मांतर कुठे समजुतीने झालं, कुठे लाभासाठी, कुठे सक्तीने. देवळं पाडली गेली, हेही खरंच. त्याबद्दल आज कोणी गुळमुळीत बोलू नये आणि कोणी चारशे वर्षांनी वसुलीही मागू नये. जात मात्र बाप्तिस्म्याने धुतली गेली नाही. सोयरीक कोळ्यांची कोळ्यांत, भंडाऱ्यांची भंडाऱ्यांत, ही चाल अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती.

या धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, खरी कसोटी लागली १७३७ साली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं मराठ्यांनी घेतलं, दोन वर्षांत वसई पडली. पोर्तुगीज अधिकारी गेले, युरोपीय मिशनरी गेले, मठ ओस पडले. चर्चला पोसणारी सत्ताच उठून गेल्यावर चर्च कोसळायला हवं होतं. तसं झालं नाही. वसईच्या तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली, काही चर्चही राखता आली. गोऱ्या फादरांच्या जागी गोव्याचे आणि इथलेच सावळे पाद्री उभे राहिले. एकेका पाद्र्याकडे गावंच्या गावं.

ही व्यवस्था कशी चालली होती याला एक चांगला साक्षीदार आहे. आंकेतिल द्यु पेराँ हा फ्रेंच विद्वान पारशी धर्मग्रंथांच्या शोधात हिंदुस्थानात आला होता. लेणी पाहत हिंडता हिंडता १७६० मध्ये तो ठाण्यात पोहोचला, तर तिथे ख्रिस्ती लोकांचा सण चाललेला. हजारोंची गर्दी, रस्ते माणसांनी फुललेले, वाजतगाजत सगळं उघड्यावर, पूजाविधी चालवणारा पाद्री इथलाच काळासावळा. आणि राज्य पेशव्यांचं. त्याला या मोकळीकीचं फार नवल वाटलं. मला त्याच्या नवलापेक्षा त्याच सुमाराची दुसरी नोंद महत्त्वाची वाटते. उत्तर कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंद्याच्या काठी कोपिनेश्वराचं देऊळ बांधलं ते याच १७६० च्या आगेमागे. एका तळ्याभोवती एकाच दशकात शंकराचं देऊळ उभं राहतंय आणि ख्रिस्ती लोकांची मिरवणूकही निघतेय. राज्यकर्त्यांनी हे औदार्याने केलं की महसूल देणारी रयत दुखवू नये म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दुसरं कारण जास्त पटतं आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

पुढे १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाणं इंग्रजांनी जिंकलं. एका प्रोटेस्टंट राजवटीखाली हे कॅथलिक गाव आलं. चर्चच्या आत मात्र निराळेच तंटेबखेडे. इथल्या देवळांवर हक्क पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या बिशपांचा की थेट रोमने पाठवलेल्यांचा, हा वाद दीडशे वर्षं धुमसत राहिला. १८८६ नंतर तर ठाणं-साष्टीचे बिशप दमणचे. १९२८ मध्ये ते प्रकरण मिटलं आणि ठाणं मुंबईच्या आर्चबिशपांकडे आलं. सामान्य माणसाला यातलं फार काही कळत नसे. मर्तिकाला कोणते फादर येणार, एवढाच त्याचा प्रश्न.

धर्मग्राम खऱ्या अर्थाने चालत होता तो गावठाणांत. चर्चच्या शाळेतला मास्तर पोरांना अक्षरं शिकवायचा, प्रार्थना शिकवायचा आणि व्हायोलिनही. भातशेती आणि मिठागरं करणाऱ्या घरांत खुंटीला व्हायोलिन लटकलेलं, हे दृश्य उत्तर कोकणात नवलाचं नव्हतं. वाटेवाटेवर क्रूस. संध्याकाळी बायाबापड्या तिथे जमून लादीन, म्हणजे प्रार्थनेची आळवणी, म्हणायच्या. ऑक्टोबरमध्ये आगेरा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी नेऊन आशीर्वाद घ्यायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वाजंत्री घेऊन विहिरीवर जायचं, विहिरीला मान द्यायचा, त्या पाण्याने नवरानवरीला न्हाऊ घालायचं. नेसायला लुगडं, गळ्यात पोत, घुमटाच्या तालावर गाणी, मे महिन्यात मसाला कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत भरून ठेवायचा. यातलं किती ख्रिस्ती आणि किती त्याच्या आधीचं, याचा हिशेब मांडणारे हल्ली दोन्हीकडे आहेत. विहिरीवर जाणाऱ्या बायकांनी तो कधी मांडला नाही.

याच लोकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोवा-मंगळूरकडून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, ईस्ट इंडिया कंपनीची जुनी प्रजा, सरकारी नोकरीत आपला हक्क पहिला, असा तो अर्ज. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी स्वतःला पूर्वेचे म्हणवून घेतलं ते कारकुनीच्या जागांसाठी. नोकरीचा प्रश्न आला की भूगोल गुंडाळून ठेवावा लागतो.

त्या नोकऱ्या आणल्या होत्या रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ ला गाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला. ठाण्याच्या धर्मग्रामाचं रूप त्यानंतर बदलत गेलं, आधी हळूहळू, मग भराभर. पोखरणच्या बाजूला कापड गिरणी आली, १९६० नंतर वागळे इस्टेट उभी राहिली. भाताची खाचरं कारखान्यांना गेली आणि कारखाने बंद पडल्यावर टॉवरना. आगेरा अजून होतो. पण लोंब्या येतात त्या स्वतःच्या शेतातून नव्हे.

दरम्यान चर्चच्या आतली भाषाही बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, लॅटिन मिस्सा लोकांच्या भाषेत आली. ठाण्यात लोकांची भाषा कोणती, हा पेच तिथेच सुरू झाला. घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची पोरं चर्चच्याच इंग्रजी शाळांत शिकून इंग्रजीत प्रार्थना करू लागली होती. वसईने मराठी धरून ठेवली. तिथल्या ‘सुवार्ता’ मासिकाने मराठीला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा लेखक दिला, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष दिला. ठाण्याने तेवढी पकड दाखवली नाही, हे कबूल करायला हवं. मराठी मिस्सा आहे, पण रविवारची भरगच्च गर्दी इंग्रजीला.

सेंट जेम्सचं उलटं झालं. स्वातंत्र्याबरोबर कलेक्टर-जज्ज बोटीने गेले. ज्यांच्यासाठी चर्च बांधलं ती माणसंच उरली नाहीत. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरला अँग्लिकन आणि इतर काही पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि सेंट जेम्स त्यात गेलं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत आता नगर-मराठवाड्याकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं दिसतात. नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणणारी ही परंपरा. हेबर स्वतः नामांकित स्तोत्रकार होते, तेव्हा त्यांना तरी याचं वाईट वाटलं नसतं.

हॉडनेटसारख्या इंग्लिश खेड्यांत सध्या काय चाललंय तेही पाहण्यासारखं आहे. तिथे माणसं घटली, चर्चला जाणारी त्याहून घटली. पाचसहा गावांची चर्च एका पाद्र्याच्या गळ्यात. या रविवारी या गावात प्रार्थना, पुढच्या रविवारी त्या गावात. देवळाचं छप्पर गळतं म्हणून केक विकून पैसे जमवायचे. १७३९ नंतरच्या साष्टीत एका पाद्र्याकडे जशी अनेक गावं होती, तशीच ही अवस्था, फक्त कारण वेगळं. ठाण्यात आज नेमका उलटा प्रवास आहे. सेंट जॉन द बॅप्टिस्ट या कॅथलिक चर्चच्या जुन्या धर्मग्रामाच्या भोवती, पोखरण, माजिवडा, वागळे इस्टेट असं करत घोडबंदरच्या बाजूला नवे धर्मग्राम फुटत गेले. गृहसंकुल उभं राहिलं की दोनचारशे कुटुंबं येतात, मग जागेची शोधाशोध सुरू होते. माणसं आहेत, जागा नाही. गावठाणातले जुने ईस्ट इंडियन आता आपल्याच धर्मग्रामात अल्पसंख्य.

याचा कळस पाहायचा तर कल्याणला जावं. रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याचे आणि मंगळूरचे कारकून, अशी कल्याणच्या अलीकडच्या ख्रिस्ती वस्तीची सुरुवात. मग अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, डोंबिवलीचं औद्योगिक क्षेत्र, आणि केरळमधून आलेल्या नर्सा, टायपिस्ट, फिटर. डोंबिवलीच्या चाळींतून आणि पुढे ब्लॉकांतून मलयाळी कुटुंबं स्थिरावली. त्यांची प्रार्थनारीत वेगळी, सिरियाक वळणाची. घराघरांत जमून सुरू झालेल्या प्रार्थनेतून मंडळ्या झाल्या आणि ३० एप्रिल १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सिरो-मलबार पंथासाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं होतं की ‘कल्याना’ इथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमून येतो. हे कल्याण आपलंच, असं अनेक अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. नव्या धर्मप्रांताला कल्याणचं नाव मिळताना हा जुना दाखला सगळ्यांनाच सोयीचा वाटला असणार. मूळ कार्यालयही कल्याणातच होतं. पुढे ते पवईला हललं, कारण महाराष्ट्रभर पसरलेल्या माणसांना कल्याणपेक्षा ते सोयीचं. तेव्हा सध्याची स्थिती अशी की कल्याणचे आर्चबिशप मुंबईत राहतात, त्यांची माणसं मलयाळममध्ये प्रार्थना करतात, आणि त्यांची डोंबिवलीत वाढलेली मुलं मराठी शाळेतल्या मित्रांबरोबर लोकलच्या दारात उभी राहून ठाण्याला कामाला जातात.