पहिली आज्ञा कोणाची?

संगणकाची कळ दाबतांच पडद्यावर अक्षरें उमटूं लागतात, आणि मालकानें बोटही उचलण्यापूर्वीं अनेक कामें उरकलेलीं असतात. हीं कामें कोणाच्या सांगण्यावरून होतात, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु या यंत्राच्या इतिहासांत त्यास मोठें स्थान आहे. सांगितल्यावांचून जें यंत्र कांहींच करीत नाहीं, त्यास ‘आतां आज्ञा वाचावयास लाग’ ही पहिली आज्ञा कोणीं द्यावी?

या कोड्याचें एक सुबक उत्तर केंब्रिज विद्यापीठांत सांपडलें. तेथें मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलें एडसॅक यंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. त्यासाठीं डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकानें अवघ्या ३१ आज्ञांची मालिका रचली होती. टेलिफोनच्या केंद्रांत असतात तसल्या फिरत्या स्विचांच्या तारांत ती कायमची गुंफलेली असे. कळ दाबली कीं ती यंत्राच्या स्मृतींत उतरे, आणि छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरील पुढील आज्ञा आपण होऊन वाचून घेई.

ही सोय सर्वच यंत्रांच्या नशिबीं आली नाहीं. १९७५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या अल्टेअर संगणकाच्या धन्यास दर्शनी फळीवरील खटके वरखालीं करून पहिल्या वीसेक संख्या हातानेंच भराव्या लागत. एक खटका चुकला कीं पुन्हां श्रीगणेशा!

यंत्र जागें झालें तरी रोजचीं ठराविक कामें त्यास रोज सांगावीं लागतच. हा जाच टाळण्याचा उपाय १९६० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या संस्थेंत निघाला होता. लुई पूझां या फ्रेंच संशोधकानें, आज्ञांची यादी एका फाइलींत लिहून ठेवावी व ती एका शब्दासरशी पार पडावी, अशी योजना केली. तिचें नांव ‘रनकॉम’. युनिक्स प्रणालींत यंत्र सुरू होतांना चालणाऱ्या यादीस ‘आरसी’ म्हणत, तीं या नांवाचींच अवशिष्ट अक्षरें होत.

१९८१ सालीं आय.बी.एम.चा घरगुती संगणक बाजारांत आला आणि हा अधिकार सामान्य माणसाच्या हातीं गेला. ‘ऑटोएक्झेक बॅट’ नांवाची फाइल तबकडीवर असली, कीं यंत्र सुरू होतांच तींतील आज्ञा ओळीनें पाळीत असे. मग एखाद्या कारकुनानें तींत आपला हिशेबाचा कार्यक्रम लिहून ठेवावा, आणि सकाळीं कळ दाबतांच तो पुढ्यांत हजर व्हावा!

परंतु ही आज्ञाधारकता आंधळी आहे. पहिली आज्ञा धन्याची कीं परक्याची, हें यंत्र विचारीत नसे. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां बंधूंनीं ‘ब्रेन’ नांवाचा संगणक-विषाणू रचला. फ्लॉपीचा जो भाग यंत्र सर्वांआधीं वाचतें, नेमका तोच त्यानें बळकावला. धनी पडद्यासमोर बसे, तोंवर विषाणूचें बस्तान बसलेलें असे.

२०१० सालीं लिनक्ससाठीं ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था निघाली. तींत प्रत्येक कामापुढें, तें कशानंतर सुरू व्हावें, हें लिहितां येतें. त्यामुळें जाळ्याशीं जोडणी होण्याआधींच जाळ्यावरचें काम सुरू होण्याचा घोटाळा टळतो. तथापि स्वतःची यादी लिहिणारास कांहीं पथ्यें पाळावींच लागतात. त्या वेळीं पडद्यासमोर कोणी नसतें, म्हणून यादींत प्रश्न विचारूं नये. उत्तराची वाट पाहत काम तेथेंच अडून राहतें. फाइलीचा पत्ता पूर्ण द्यावा. काय घडलें याची नोंद यंत्राकडूनच ठेववावी.

आणि आपल्या यंत्रावर आपोआप काय काय सुरू होतें, ती यादी धन्यानें अधूनमधून उघडून वाचावी. तींत अनोळखी नांव आढळलें, तर तें कोणीं लिहिलें याचा शोध लागेपर्यंत स्वस्थ बसूं नये.